मातीकाम शिकायचंय? चाक नंतर, आधी भट्टी शोधा

मातीकामाचं वेड लागलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा चाकच येतं. गरागरा फिरणारा गोळा आणि दोन हातांमधून वर चढत जाणारं भांडं. त्यामुळे ओळखीपाळखीतून मला विचारला जाणारा पहिला प्रश्नही ठरलेला असतो: "चाक कितीला मिळतं?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. चाकाशिवाय वर्षभर झकास मातीकाम करता येतं, पण भट्टीशिवाय साधी पणतीही पुरी होत नाही. गच्चीत धूळ खात पडलेली बरीच चाकं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या शेजारी वर्तमानपत्रावर मांडून ठेवलेली, कधीच न भाजली गेलेली भांडीही. म्हणून खालचा क्रम नेहमीपेक्षा जरा उलटा आहे. तुम्ही नोकरी-घर सांभाळून, छंद म्हणून हे करणार आहात असं धरून लिहितोय.

१. काय बनवायचंय ते ठरवा, माती त्यावरून ठरेल

दुकानात किंवा स्टुडिओत गेल्यावर "माती द्या" म्हणून भागत नाही. नवशिक्याला माहीत हव्यात अशा माती मुख्यतः तीन.

टेराकोटा म्हणजे आपली लाल माती. पणत्या, कुंड्या, माठ, शोभेच्या वस्तू, भिंतीवरची शिल्पं यांची. ती साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअसला भाजतात. भाजल्यावरही तिच्यात बारीक छिद्रं राहतात. माठातलं पाणी त्यामुळेच गार होतं: थोडं पाणी बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते आणि आतल्या पाण्याची उष्णता निघून जाते. हाच गुण चहाच्या कपाला मात्र गैरसोयीचा. कप टेबलावर ओला डाग पाडतो आणि चहाचा वास धरून ठेवतो.

स्टोनवेअर माती १२०० ते १३०० अंशांच्या दरम्यान भाजली जाते. तेवढ्या उष्णतेत मातीतले काही घटक वितळतात, मधल्या फटी भरून काढतात आणि भांडं दगडासारखं घट्ट होतं. रोजच्या वापराचे कप, वाडगे, ताटल्या करायच्या असतील तर हीच घ्या. पुण्या-मुंबईतल्या बहुतेक स्टुडिओंत हीच असते.

पोर्सिलेन पांढरीशुभ्र, देखणी आणि नवख्याचा अंत पाहणारी. पहिलं वर्ष तिच्या वाटेला जाऊ नका.

आता दोन अशा माती, ज्यांच्यामुळे हमखास गोंधळ होतो. शाडू गणपतीमुळे घराघरांत पोचली आहे, पण ती मूर्ती न भाजता ठेवण्यासाठी. बाजारातल्या शाडूत काय काय मिसळलंय आणि ती भट्टीत किती तापमान सोसेल, हे विकणाऱ्यालाही सहसा सांगता येत नाही. हात बसवायला खुशाल वापरा, भाजायला देऊ नका. दुसरी 'एअर ड्राय क्ले'. ती नुसत्या हवेत कडक होते. मुलांबरोबर रविवार घालवायला उत्तम, पण तिचा कप केलात तर त्यात पेन ठेवा, पाणी नको.

शिवाय, प्रत्येक माती आकसते. स्टोनवेअर ओल्यापासून पक्क्यापर्यंत साधारण १० ते १२ टक्के लहान होते. तयार कप १० सेंटिमीटर उंच हवा असेल तर ओला असताना तो सव्वाअकरा-साडेअकरा सेंटिमीटरचा करा. हा हिशोब माहीत नसला की पहिला 'मोठ्ठा' कप भट्टीतून कटिंग चहाचा होऊन निघतो.

२. भट्टी शोधा

माती विकत घेण्याच्याही आधी हे करा. दोन वाटा आहेत.

*पहिली वाट, स्टुडिओची भट्टी.* विजेची किंवा गॅसची. बरेच स्टुडिओ बाहेरच्यांची कामं भाजून देतात, पण तशी जाहिरात करत नाहीत. विचारावं लागतं. फोनवर हे प्रश्न विचारा:

- भट्टी किती अंशांपर्यंत लावता? कच्ची, म्हणजे पहिली भाजणी आणि झिलईची, म्हणजे वरच्या काचेच्या थराची भाजणी वेगवेगळी करता का?
- पैसे वजनावर घेता, जागेवर घेता की प्रत्येक वस्तूमागे?
- कोणती माती चालते? तुमच्याकडचीच घ्यावी लागते का?
- माझी वस्तू फुटून दुसऱ्याची खराब झाली तर काय?
- पुढची भट्टी कधी? भट्टी पूर्ण भरल्याशिवाय कोणी लावत नाही, त्यामुळे दोन-तीन आठवडे थांबावं लागणं नेहमीचं आहे.

चौथा प्रश्न औपचारिक वाटेल, पण भांडणं तिथूनच सुरू होतात. टेराकोटाची वस्तू चुकून १२५० अंशांच्या भट्टीत गेली तर ती वितळून, भट्टीत वस्तू ज्यावर ठेवतात त्या फळीला चिकटू शकते. ही फळी महाग असते आणि तिचे पैसे तुमच्याकडून घेतले जातील. म्हणून प्रत्येक वस्तूच्या बुडावर आपली खूण करा आणि देताना कागदावर मातीचं नाव आणि तापमान लिहून द्या. पुडक्यावरचं लेबल फेकायचं नाही.

*दुसरी वाट, कुंभाराची भट्टी.* टेराकोटा करणार असाल तर ही वाट स्वस्त आहे आणि मला विचाराल तर जास्त शिकवणारीही. मुंबईत धारावीचा कुंभारवाडा आहे. तिथली बरीच घराणी मूळची सौराष्ट्रातली. पुण्यात कुंभारवाडा आहेच. तालुक्याच्या गावी चौकशी केलीत तर एखादं चाक अजून फिरतं असलेलं घर सापडतंच. पण जाण्याआधी पंचांग बघा. पोळ्याला बैल, नवरात्राला घट, दिवाळीला पणत्या आणि किल्ल्यावरची चित्रं, संक्रांतीला सुगडं, उन्हाळ्यात माठ, असं वर्ष बांधलेलं असतं. दिवाळीच्या तोंडावर "काका, माझ्या या दोन फुलदाण्या भाजून द्याल का?" म्हणून उभं राहू नका. भर पावसात उघड्यावरची भट्टी बऱ्याच ठिकाणी बंदच असते.

तिथला शिरस्ताही पाळा. वस्तू पूर्ण वाळवून न्या, थोड्याच न्या, जाडी सगळीकडे सारखी ठेवा. भट्टी रचणं हे त्यांचं कौशल्य. तुमची वस्तू कुठे ठेवायची ते त्यांना ठरवू द्या. जळणाचा थेट जाळ लागतो, त्यामुळे कुठे काळा पट्टा उमटेल, कुठे नारिंगी. मला तो आवडतो, तुम्हाला एकसारखा रंगच हवा असेल तर विजेची भट्टी गाठा. या भट्टीत स्टोनवेअर देऊन उपयोग नाही, ती तिथे पुरेशी तापतच नाही. झिलई लावलेली वस्तू तर नाहीच नाही.

३. शिकायचं कुठे

दोन-तीन तासांची कार्यशाळा शहरात साधारण हजार ते अडीच हजारांत होते. जरूर करा, पण ती चव बघण्यापुरती आहे हे लक्षात ठेवा. तिथे चाकावर जो वाडगा तयार होतो, तो बऱ्याचदा तुमच्या हातांवर ठेवलेल्या शिक्षकाच्या हातांचा असतो. त्यात वाईट काही नाही. फक्त त्यावरून "मला जमतंय" किंवा "मला जमणार नाही" असा निष्कर्ष काढू नका.

खरं शिकायचं तर आठवड्यातून एकदा असा आठ-दहा सत्रांचा वर्ग शोधा. पैसे भरण्याआधी विचारा: एका चाकामागे किती जण? माती किती किलो धरलेली आहे? भाजणी आणि झिलई फीमध्येच की वेगळी? वर्गाबाहेरच्या वेळी येऊन सराव करता येतो का? माझ्या मते शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. सराव करू देणारा साधा स्टुडिओ न करू देणाऱ्या नावाजलेल्या स्टुडिओपेक्षा बरा.

छंद पुढे सरकला, महिना-दोन महिने सुटी काढता आली, तर आणखी काही ठिकाणं लक्षात ठेवा. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभा केलेला ग्रामोदय संघ आहे. कुंभारकामाला नवं तंत्र देण्याचं त्याचं काम जुनं आहे. बेळगावजवळ खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था आहे. खानापूरची मातीही नावाजलेली. गोव्यात डिचोली हे कुंभारकामाचं जुनं गाव. लांब जायची तयारी असेल तर हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आंद्रेट्टा आहे. दिल्लीच्या ब्लू पॉटरीवाल्या गुरचरण सिंगांच्या घराण्याने ते नावारूपाला आणलं. आणि पुद्दुचेरीचं गोल्डन ब्रिज पॉटरी, जे रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये सुरू केलं. आज भारतात स्टोनवेअर करणाऱ्या अनेकांची वंशावळ तिथवर जाऊन पोचते. कुठेही निघण्याआधी फोन करा. अभ्यासक्रम आणि मुदती बदलत असतात.

४. सामान जमवा, पण घरातलंच

तयार टूल किट बघून हात शिवशिवतात. घेऊ नका. सुरुवातीला एवढं पुरतं:

- माती, ५ ते १० किलो, घट्ट बांधलेल्या प्लास्टिकमध्ये
- माती कापायला नायलॉनचा दोरा, दोन्ही टोकांना मोठी बटणं बांधून
- लाटणं आणि सारख्या जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या
- मांजरपाटाचा किंवा कॅनव्हासचा तुकडा; गुळगुळीत ओट्यावर माती चिकटते
- जुनं एटीएम कार्ड, कडा गुळगुळीत करायला आणि पृष्ठभाग दाबायला
- बुचात खोवलेली जाड सुई
- जुना टूथब्रश, स्पंजचा तुकडा, पाणी फवारायची बाटली
- भाजीच्या पातळ प्लास्टिक पिशव्या, भरपूर
- दोन बादल्या

बादल्या दोन का, तर हात आणि हत्यारं एका बादलीत धुवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी झाडांना घालायचं आणि गाळ दुसऱ्या बादलीत काढून परत वापरायचा. मातीचं पाणी थेट मोरीत सोडू नका. पाइपात माती थरावर थर बसते आणि प्लंबर आल्यावरच कळतं की ती किती घट्ट बसते.

नखं कापा, अंगठ्या काढा.

५. माती तयार करा

पुडक्यातली स्टुडिओची माती तयार असते, तरी वापरण्याआधी मळावी लागते. मळण्याने ओल सगळीकडे सारखी होते आणि आतली हवा निघते. पोळीच्या कणकेपेक्षा ती जराशी घट्ट असावी. तळव्याच्या टाचेने पुढे दाबायची, परत गोळा करायची, थोडी फिरवायची, पुन्हा दाबायची. मधेच दोऱ्याने गोळा कापून बघा. कापलेला भाग एकसंध दिसला, भोकं नसली, की झालं.

गावाकडची माती आणून करायची हौस अनेकांना असते. करा, पण नुसती शेतातली काळी माती आणलीत तर पदरात भेगाच पडतील. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना प्रचंड आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा आठवा. कुंभार ठरावीक तळ्याची, ओढ्याची माती निवडतात, दोन प्रकारच्या माती मिसळतात, त्यात राख, घोड्याची लीद, भुसा घालतात. हे जिन्नस मिसळले की माती सारखी वाळते. लीद आणि भुसा भट्टीत जळून जातात आणि मागे राहणाऱ्या बारीक छिद्रांमुळे भांडं आचेवर सहज तडकत नाही.

आणलेली माती आधी कडक उन्हात पूर्ण वाळवा, फोडा, मग पाण्यात टाका. खडखडीत वाळलेली माती पाण्यात भराभर विरघळते. अर्धवट ओली मात्र गोळ्याची गोळाच राहते. मग बारीक चाळणीने गाळा, निवळू द्या, वरचं पाणी काढा, कापडात टांगून किंवा कौलावर पसरून घट्ट करा. चुनखडीचे खडे बघून काढा. मातीच्या चिमटीवर व्हिनेगर टाकल्यावर फेस आला तर त्यात चुना आहे. असा खडा भट्टीत भाजला जातो, नंतर हवेतली ओल शोषून फुगतो आणि काही दिवसांनी तयार भांड्याचा टवका उडवतो. भांडं कपाटात नुसतं ठेवलेलं असताना.

६. पहिली भांडी हाताने करा

तीन पद्धती आहेत आणि तिन्हींत आयुष्य घालवलेले लोक आहेत, त्यामुळे ही 'चाकाआधीची शाळा' समजू नका.

*चिमटीची पद्धत.* संत्र्याएवढा गोळा डाव्या हातात, उजवा अंगठा मधोमध खुपसायचा, तळाला बोटभर माती ठेवायची. मग अंगठा आत, बोटं बाहेर, चिमटीत दाबत गोळा फिरवत राहायचा, खालून वर. कडेला सगळ्यात शेवटी हात लावा, नाहीतर ती लवकर पातळ होऊन फाटते. जाडी ६ ते ८ मिलिमीटर धरा. पातळ म्हणजे सुबक, हा समज सोडून द्या; सगळीकडे सारखं म्हणजे सुबक.

*वळ्यांची पद्धत.* मातीच्या लांब वळ्या करून एकावर एक रचायच्या. प्रत्येक वळी खालच्या वळीत आतून अंगठ्याने ओढून मिसळायची. बाहेरून नक्षी म्हणून वळ्या दिसू द्यायच्या असतील तर हरकत नाही, पण आतून जोड मिटलाच पाहिजे. उंच भांडं एका बैठकीत उभं करू नका. खालचा भाग थोडा आवळू द्या, मग पुढे चढा.

*लाटून.* दोन पट्ट्यांच्या मध्ये माती ठेवून लाटली की जाडी आपोआप सारखी येते. त्यातून ताटल्या, टाइल, चौकोनी डबे. लाटताना दर थोड्या वेळाने माती उचलून उलटी करा आणि दोन्ही दिशांनी लाटा. एकाच दिशेने लाटलेली ताटली वाळताना हमखास वाकते. वाकलेली मातीची पट्टी हाताने सरळ केली तरी भट्टीत ती पुन्हा वाकते. मातीला जुना वाक आठवतो असं कुंभारकाम करणारे म्हणतात, आणि ते थट्टेने म्हणत नाहीत.

जोडकामाचा एकच नियम: दोन्ही बाजूंना सुईने चरे पाडा, त्याच मातीचा दाट काला लावा, दाबून हलवत जोडा, मग सांध्यावर बारीक वळी भरून घोटा. नुसतं पाणी लावून चिकटवलेला कान आज बसेल, भट्टीत सुटेल. जोडणारे दोन्ही भाग सारखेच ओले हवेत. आणि आतून पोकळ, सगळीकडून बंद अशी वस्तू केलीत, पक्षी, चेंडू, काहीही, तर सुईने एक भोक ठेवा.

७. आता चाक

हाताने केलेली दहा-बारा भांडी भट्टीतून धड बाहेर आली, की चाकावर बसा. तोवर मातीचा स्वभाव कळलेला असतो आणि अर्धी भीती गेलेली असते.

चाकावरची खरी परीक्षा गोळा मध्यावर आणण्याची. बाकीचं त्यानंतर. ७०० ग्रॅम ते एक किलोचा गोळा घ्या. त्याहून लहान गोळा सोपा वाटतो, पण हाताला पकडच मिळत नाही. कोपर मांडीवर किंवा पोटाशी टेकवा. हात हवेत असतील तर माती हातांना हलवते, टेकवलेले असतील तर हात मातीला. चाक वेगाने, हात स्थिर, थोडं पाणी. गोळा वर ओढून सुळका करा, पुन्हा दाबून बसवा, दोन-तीनदा. डोळे मिटून हात हलके ठेवा. थरथर जाणवली नाही तर गोळा मध्यावर आला.

मग वेग कमी करा, मधोमध भोक पाडा, तळ उघडा. तळ बोटांनी किंवा स्पंजने नीट दाबा. न दाबलेल्या तळाला वाळताना नागमोडी भेग जाते. भिंत खालून वर ओढा, हात सोडताना सावकाश सोडा. पाणी जेवढं कमी तेवढं बरं, जास्त पाण्याने भिंत बसकण मारते. आत साठलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या.

सुरुवातीची भांडी ठेवू नका. दोऱ्याने उभी मधोमध कापा आणि भिंतीची जाडी बघा. कुठे जाड, कुठे पातळ, ते कापल्याशिवाय कळत नाही. जीव तुटतो खरा, पण माती परत बादलीत जाते आणि पुढच्या गोळ्यात येते, त्यामुळे नुकसान काहीच नाही.

बुड खरवडून पाय, म्हणजे भांडं ज्यावर टेकतं ती कड, काढायचं काम दुसऱ्या दिवशीचं. भांडं इतपत सुकलेलं हवं की बोटाने आकार बिघडत नाही, पण नख रुततं. स्टुडिओत याला 'लेदर हार्ड' म्हणतात. खरवडताना लांब साली निघाल्या तर वेळ बरोबर. भुकटी पडली तर उशीर झाला. हत्यार चिकटलं तर घाई.

८. वाळवणं

सर्वांत जास्त भांडी मरतात ती इथे, आणि कुणाचं लक्ष नसताना. तडा जातो तो वाळण्यामुळे नव्हे, असमान वाळण्यामुळे. कपाचा कान पातळ, तो आधी वाळतो आणि आकसतो. अंग अजून ओलं असतं. ताण येतो आणि जोड सुटतो.

म्हणून उन्हात नाही, पंख्याखाली नाही. पहिला दिवस पूर्ण पिशवीत, मग पिशवी सैल, मग उघडं. कान आणि कडा वेगळ्या प्लास्टिकने झाका. कडा घट्ट झाली की भांडं उलटं करा, म्हणजे तळालाही हवा लागते. मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला भांडं एका दुपारीत तडकतं, तिथे ओलं फडकं आणि दुहेरी पिशवी हवी. उलट रत्नागिरीत जुलैमध्ये आठवडा-दोन आठवडे गेले तरी ओल हटत नाही. तिथे संयम नाहीतर कोरडी खोली, दुसरा इलाज नाही.

वाळलं की नाही ते गालाला लावून बघा. गार लागलं तर आत अजून पाणी आहे. या अवस्थेत भांडं सगळ्यात नाजूक असतं. कान धरून उचलू नका, दोन्ही हातांनी खालून उचला.

९. भाजणी

तुम्ही स्वतः भट्टी लावणार नसलात तरी आत काय घडतं ते माहीत असू द्या, म्हणजे दोष कुणाचा हे कळेल.

"हवेचा बुडबुडा राहिला म्हणून भांडं फुटलं" असं सगळीकडे ऐकू येईल. बहुतेक वेळा खरं कारण ओल असते. १०० अंशांच्या पुढे आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही की स्फोट. जाड वस्तू फुटतात त्या त्यामुळेच. पुढे साधारण ४५० ते ६०० अंशांच्या टप्प्यात मातीच्या रचनेतलं पाणीही निघून जातं आणि तिथून ती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. ५७३ अंशांना मातीतली गारगोटी (क्वार्ट्झ) एकदम प्रसरण पावते, थंड होताना तिथेच आकुंचन पावते. म्हणून तिथे चढताना-उतरताना घाई नको. पहिली भाजणी, जिला बिस्क म्हणतात, ती ९०० ते १००० अंशांवर थांबते. भांडं पक्कं होतं पण झिलई शोषण्याइतकं सच्छिद्र राहतं. तापायला जवळपास दिवस आणि निवायला तेवढाच वेळ किंवा जास्त. "उघडा ना, बघू तरी" असा आग्रह स्टुडिओत करू नका. गरम भट्टीत गार हवा शिरली की तडे जातात.

घरचा ओव्हन २५० अंशांच्या आसपास थांबतो, गॅसच्या शेगडीवर भांडं एकाच बाजूने तापून फुटतं. दोन्हींचे व्हिडिओ भरपूर आहेत, नादी लागू नका.

भांडं हातात आलं की बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी न दिसणारा तडा आहे किंवा भाजणी कमी पडली. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून कच्चं मडकं कोणतं ते ठरवलं, ती कथा रचणाऱ्याला कुंभारकामाची चांगली माहिती असणार.

१०. झिलई

झिलई म्हणजे भांड्यावर वितळून बसलेला काचेचा थर. सुरुवातीला स्वतः घोटायच्या फंदात पडू नका, स्टुडिओची तयार वापरा. भांडं ओल्या स्पंजने पुसून घ्या. धूळ किंवा बोटाचं तेल राहिलं तिथे झिलई धरत नाही. बादली तळापासून ढवळा. तीन सेकंद बुडवा, काढा. बूड आणि त्यावरचे ३-४ मिलिमीटर पूर्ण पुसून टाका, नाहीतर भांडं फळीला चिकटेल आणि पुन्हा तोच फळीच्या पैशांचा विषय.

बादलीतला रंग आणि भट्टीतून निघणारा रंग यांचा काही संबंध नसतो. भिंतीवर टांगलेले नमुन्याचे तुकडे बघून निवडा.

खाण्यापिण्याच्या भांड्यासाठी "यात शिसं आहे का?" हा प्रश्न संकोच न करता विचारा. शिशाची झिलई लवकर वितळते आणि चकचकीत दिसते, पण चिंच, लिंबू, ताक यांसारख्या आंबट पदार्थांत शिसं उतरतं. तयार भांड्यात लिंबाची फोड रात्रभर ठेवून बघा. सकाळी तिथला रंग किंवा चकाकी बदललेली दिसली तर ते भांडं फुलांसाठी. मात्र या चाचणीने शिसं ओळखता येत नाही, फक्त झिलई कच्ची आहे का ते कळतं. टेराकोटाच्या वाटीला आतून ॲक्रिलिक रंग देऊन त्यात चटणी वाढण्याचा प्रकारही टाळा.

११. धूळ

वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षं फुप्फुसात जात राहिली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. म्हणून काम झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. वाळलेलं भांडं घासायचं असेल तर ओल्या स्पंजने. कोरडं घासायचंच तर चांगला एन-९५ मास्क लावून, घराबाहेर. कामाचा एप्रन झटकू नका, भिजवा. घरात लहान मूल असेल तर मातीची जागा वेगळी, शक्यतो गॅलरी.

१२. चाक आणि भट्टी विकत घेण्याआधी

सहा-आठ महिने सातत्याने काम केलंत आणि भाजायची सोय पक्की आहे, तरच चाक. घेताना वेग पायाने कमी-जास्त करता येतो का, दोन्ही दिशांना फिरतं का, आणि आवाज किती, हे बघा. उजव्या हाताने काम करणारे बहुतेक जण घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतात. विक्रेत्याकडे जाताना पाच किलो माती बरोबर न्या. चाकावर ती दाबून बघा. हाताच्या दाबाने चाक मंदावलं तर ते चाक घेऊ नका.

भट्टीचं गणित विजेवर अडतं. घरातला १६ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टवर जेमतेम साडेतीन किलोवॉट देतो. त्यावर चालणारी भट्टी अगदी लहान, चार-सहा कपांची. त्याहून मोठी घ्यायची तर वीज कंपनीकडून वाढीव भार, बहुधा थ्री फेज जोडणी, स्वतंत्र एमसीबी, जाड वायर आणि हवा खेळती असलेली जागा लागेल. भाड्याच्या घरात घरमालकाची आणि सोसायटीत कमिटीची लेखी परवानगी आधी घ्या. भट्टी तिसऱ्या मजल्यावर चढवून झाल्यावर मागितलेली परवानगी क्वचितच मिळते. आणि अर्ज करताना "१२०० अंशांची भट्टी" एवढंच लिहू नका. बाहेरचं आवरण किती तापतं, भिंतीपासून किती अंतर ठेवणार, आठवड्यातून किती वेळा लावणार, जवळ अग्निशामक कोणता, हे एका पानावर लिहून भट्टीच्या माहितीपत्रकासोबत जोडा.